दोनदा पाहिलेलं ग्वायाकिल

ग्वायाकिलच्या मोठ्या चर्चसमोर एक बाग आहे. त्या बागेत बाकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर झाडावरून इग्वाना पडू शकतो, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. इग्वाना म्हणजे आपल्या घोरपडीचा चुलतभाऊ समजा. अंगाने हिरवा-राखाडी, पाठीवर करवतीसारखे दाते आणि चेहरा सगळ्या जगावर रुसलेल्या आजोबांसारखा. माझ्या मांडीवर पडला तो हाताएवढा लांब होता. पडल्यावर त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चूक माझीच असल्यासारखा तो तोऱ्यात उतरून गेला. मी जागच्या जागी थिजलो होतो. त्या सकाळी मला वाटलं, या प्रवासातला सगळ्यात मोठा धक्का आपल्याला बसून गेला.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको वसुधा. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात आमचा सगळा संसार झाला. मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, मूळचा साताऱ्याचा. वसुधा नागपूरची, लहान मुलांची डॉक्टर. आता दोघंही रिटायर झालोय. मुलगी ईरा वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यूला असते. प्रशांत महासागरातली, जगावेगळ्या प्राण्यांची गालापागोस बेटं बघायची हे वसुधाचं फार जुनं वेड. बेटं फिरवणारी बोट बेटांवरूनच सुटते आणि बेटांवर जाणारं विमान दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल या बंदरातून. बहुतेक प्रवासी तिथे रात्रीपुरते टेकतात आणि सकाळी उडतात. वसुधाने मात्र आधीचे दोन दिवस शहरासाठी ठेवले होते.

हे आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कळलं तेव्हा एका तरुण मित्राने भजी खाता खाता मला बाजूला घेतलं. "काका, बातम्या बघता ना तुम्ही? टोळ्या, गोळीबार. ते दोन दिवस कॅन्सल करा यार. एअरपोर्टजवळ झोपा आणि निघा."

वसुधाला ते ऐकू गेलं. "लोक राहतात ना रे त्या गावात?" ती म्हणाली. "मग आपण दोन दिवस राहिलो तर काय होतंय?"

आमच्या घरात प्रवास ती ठरवते आणि बॅगा मी उचलतो. तिकिटं, औषधं, कुणाच्या मुंजीला काय दिलं, ईराच्या कुठल्या मैत्रिणीला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. मी ते कधी माझ्या डोक्यात ठेवलंच नाही. हे इथे सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं त्यात माझी जी तारांबळ उडाली ती त्यामुळेच.

नदीकाठचं शहर

विमानतळाच्या दारातून बाहेर पडलो आणि अंगावर ओली चादर टाकावी तसा उकाडा आला. श्रूजबरीत आम्ही अजून अंगणातला बर्फ ढकलत होतो. वसुधाने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "सुधीर, आंब्याचा मोहोर. वास येतोय बघ." मला डिझेलचा वास आला. पण शहरात शिरल्यावर रस्त्याच्या कडेला खरंच आंब्याची झाडं दिसली.

पहिला दिवस आम्ही नुसते पाहत राहिलो. औषधाच्या दुकानाच्या दारात बंदूकधारी पहारेकरी. किराण्याच्या दुकानाला लोखंडी गज, गिऱ्हाईक बाहेर आणि सामान गजांमधून हातात. मी गॅरेजचं दार उघडं टाकून झोपणाऱ्या गावातला माणूस. ती बंदूक पाहून मी दोन पावलं मागे सरलो. पण त्याच पहारेकऱ्याने वसुधाला हात धरून रस्ता ओलांडून दिला आणि तिच्या गळ्यातला कॅमेरा पिशवीत टाकायची खूण केली. हॉटेलच्या बाईंनीही तेच सांगितलं होतं. फोन हातात मिरवू नका, रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवू नका, आम्हाला सांगा. बाकी शहर तुमचंच आहे.

आणि नदी. ग्वायास नावाची ही नदी समुद्राजवळ असल्यामुळे भरतीच्या वेळी उलटी वाहते. पाण्यावर जलपर्णीचे हिरवेगार पुंजके तरंगत असतात, खोलीएवढे मोठे. सकाळी ते समुद्राकडे निघालेले दिसले आणि दुपारी तेच सगळे परत वर चाललेले. एकावर बगळा बसला होता, एखाद्या सरकारी पाहुण्यासारखा. सगळा जन्म पाण्याच्या पाइपांत गेलेला मी कठड्याला रेलून ते पाहतच राहिलो.

खाण्याचं म्हणाल तर तिथे सकाळी न्याहारीला माशाचं सार खातात. ट्यूना मासा, कसाव्याचे, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे, तुकडे, वर लिंबात मुरवलेला कांदा आणि सोबत केळ्याचे वेफर. सकाळी उठून मासे ही कल्पना मला पचली नाही. चव मात्र लगेच पचली. वसुधा शाकाहारी. तिला कच्चं केळं उकडून, कुटून, आत चीज भरून तळलेला मुठीएवढा गोळा मिळाला. "याच्यासोबत हिरवी चटणी पाहिजे होती," म्हणत तिने दोन संपवले.

टेकडी आणि बाग

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांता आना नावाच्या टेकडीवर चढलो. जुन्या वस्तीतून पायऱ्या वर जातात. निळी, पिवळी, गुलाबी घरं, दारांत वाळत घातलेले कपडे, कुठून तरी मोठ्याने रेडिओ. वर एक छोटं चर्च आणि दीपगृह. वसुधा माझ्यापुढे वर पोचली. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ती दीपगृहाच्या सावलीत बसून खालच्या नदीचे फोटो काढत होती. "तू रोज चालायला पाहिजेस," एवढंच म्हणाली.

हॉटेलवर परतलो तेव्हा गरम पाणी गेलेलं. ती म्हणाली, "उत्तम, मला गारच हवंय," आणि गार पाण्याखाली बराच वेळ उभी राहिली. मग आम्ही समोरच्या बागेत गेलो. तिथे तो इग्वाना माझ्या मांडीवर पडला. वसुधा इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरे, हे तर आपल्या कुलकर्णी सरांसारखे दिसतात," ती म्हणाली. कुलकर्णी सर म्हणजे तिच्या कॉलेजातले शरीरशास्त्राचे प्राध्यापक.

बागेत असे शेकडो इग्वाना आहेत. गवतावर, वाटेवर, पुतळ्याच्या पायाशी, झाडांच्या फांद्यांवर लोंबकळत. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बाई पिशवीतून कोबीची पानं काढून त्यांना घालत होती. मी तिच्याकडे बघत होतो. तेवढ्यात वसुधाने माझ्या दंडाला हात लावला.

"सुधीर, आपण कुठे आहोत?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. "कुलकर्णी सरांच्या वर्गात," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने चर्चकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, इग्वानांकडे पाहून पाय वर घेतले. "नाही, खरंच. हे कुठलं गाव आहे? आपण इथे कसे आलो?"

"वसू, ग्वायाकिल. उद्या गालापागोसला जायचंय."

"गालापागोसला? अरे वा. कुणी ठरवलं?"

"तूच."

मिनिटभराने दंडाला परत हात. "सुधीर, आपण कुठे आहोत?"

तोच आवाज, तेच शब्द, प्रश्नाच्या शेवटी आवाज तसाच किंचित वर. मी परत सांगितलं. ती परत म्हणाली, "गालापागोसला? अरे वा. कुणी ठरवलं?" अगदी तसंच, रेकॉर्ड परत लावावी तसं.

मी ईराला व्हिडिओ कॉल लावला. हातात फोन धरू नका हे विसरून गेलो. तिकडे तिची मीटिंग चालू होती. मी काय बोललो मला आठवत नाही, पण तिच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला दिसला.

"बाबा, लिसन. तिला स्माइल करायला सांग. दोन्ही आर्म्स वर करायला सांग. एक सेंटेन्स रिपीट करायला सांग."

मग त्या बागेत, इग्वानांच्या गर्दीत, वसुधाने दोन्ही हात वर केले आणि ती हसली. दोन्ही हात सारखे होते. हसूही सरळ होतं. वाक्य तिने नीट म्हटलं आणि मग विचारलं, "पण सुधीर, तू माझी स्ट्रोकची टेस्ट का घेऊन राहिला?"

डॉक्टर होती ती. तिला ते कळत होतं. ती माझ्याकडे तिच्या माहेरच्या नागपुरीत बोलायला लागली होती, हे मला त्यानंतर जाणवलं. एरवी ती बोली फक्त आईशी फोनवर बोलताना तिच्या तोंडी यायची.

"हॉस्पिटल, बाबा. नाऊ," ईरा म्हणाली.

मी उठलो. रस्त्यावर टॅक्सी थांबवायची नाही, हॉटेल समोर पण रस्त्यापलीकडे, वसुधाला सोडून जाता येत नाही. मी त्या रहदारीकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं बॅगा उचलणारा माणूस मी, आणि पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

ग्लाडिस

कोबीची पानं घालणारी म्हातारी आमच्यासमोर येऊन उभी होती. "मिस्टर," ती इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या मिसेसला बरं नाहीये का?"

तिचं नाव ग्लाडिस. प्राथमिक शाळेतली रिटायर्ड शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली, फुलाफुलांचा झगा आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला बहिणीकडे ती अनेक वर्षं राहून आली होती. तिचे दोन्ही मुलगे अजून तिकडेच होते. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी तिने फक्त एक फोन केला, तिच्या भाच्याची गाडी आली आणि ती आमच्याबरोबर गाडीत बसली. तू ये असं मी तिला म्हटलं नव्हतं. येऊ नको असंही म्हणवलं नाही. अनोळखी शहरात अनोळखी गाडीत बसायचं नाही, हे मंडळातल्या सगळ्यांनी बजावलेलं माझ्या डोक्यात होतं. गाडी सुरू झाल्यावर मी दाराचं हँडल घट्ट धरून बसलो होतो.

वाटेत वसुधाने ग्लाडिसकडे पाहिलं. "या कोण?"

"मी ग्लाडिस," ती प्रश्न ओळखून इंग्रजीत म्हणाली आणि हात पुढे केला. "तुम्हाला भेटून फार आनंद झाला."

वसुधाने हात मिळवला. "मी वसुधा. हा माझा नवरा."

दोन सिग्नल गेले. "सुधीर, या कोण?"

"मी ग्लाडिस. तुम्हाला भेटून फार आनंद झाला." तोच हात, तेच हसू, शिळेपणाचा मागमूस नाही.

त्या दुपारी ग्लाडिसने स्वतःची ओळख किती वेळा करून दिली असेल, मी मोजलं नाही. एकदाही तिचा आवाज थकला नाही. मी मात्र तासाभरातच थकलो होतो, आणि "आपण कुठे आहोत" ला "सांगितलं ना आत्ताच" म्हणायला लागलो होतो. तसं म्हटलं की वसुधाच्या डोळ्यांत भीती यायची. मग ग्लाडिस माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि उत्तर स्वतः द्यायची.

दवाखाना

तिथल्या खाजगी दवाखान्यात वसुधाला लगेच आत घेतलं. रक्त तपासलं, हाताला सुई लावली, डोक्याचं स्कॅनिंग करायला नेलं. ती बाहेर आली, पलंगावर पडली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "सुधीर, आज रविवार ना? आईला फोन केला का?"

तिची आई नागपूरला वारली, त्याला दोन वर्षं होतील. वसुधा तेव्हा विमानात होती. शेवटची भेट झाली नाही.

मी विचार न करता बोललो. "वसू, आई गेल्या ना. आपण जाऊन आलो सगळं करून."

तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहिता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी ती बातमी तिला विमानतळावर भावाकडून कळली होती. मी तेव्हा मागे बॅगांपाशी होतो. तिचा चेहरा मला दिसला नव्हता. तो आता दिसला. "कधी?" तिने विचारलं. "मला काऊन नाही सांगितलं?" आणि मग ती रडली, तोंडावर दोन्ही हात घेऊन, लहान मुलीसारखी.

काही मिनिटांत रडणं थांबलं. तिने गाल पुसले, ओल्या बोटांकडे नवलाने पाहिलं. "मी रडत होती का? काय झालं?" आणि थोड्या वेळाने, तसंच, "सुधीर, आईला फोन केला का?"

मी परत खरं सांगितलं. खरं तेच सांगायचं असतं, असं मी धरून चाललो होतो. ती परत तशीच रडली. एकाच दुपारी तिची आई दोनदा गेली.

तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा मी ग्लाडिसकडे पाहिलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण वसुधा कशाने रडते हे तिला कळलं असावं. ती खुर्चीत बसून होती, मान खाली.

"झाला फोन," मी म्हणालो.

"कशी आहे?"

"बऱ्या आहेत. जेवल्या आत्ताच."

"काय जेवली?"

"वांग्याचं भरीत आणि भाकरी."

वसुधा उशीवर मागे रेलली. चेहरा एकदम सैल झाला. "तिला तिखट कमी घालायला सांग म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

त्यानंतर दुपारभर मी माझ्या सासूबाईंना जिवंत ठेवलं. त्या देवळात जाऊन आल्या. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. गुडघा दुखतोय पण फार नाही. वसुधाला काय काय पाठवायचंय ते त्या विचारत होत्या. सासूबाई हयात असताना रविवारच्या फोनवर "नमस्कार, बरं आहे ना, हिला देतो" यापलीकडे मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. आता त्या माझ्या तोंडून इतकं बोलत होत्या की माझं मलाच नवल वाटत होतं. प्रत्येक वेळी वसुधा ऐकायची, प्रत्येक वेळी तिला बरं वाटायचं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, इंग्रजी छान बोलणाऱ्या. स्कॅन बघून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. स्ट्रोक नाही, म्हणाल्या. या आजाराला ट्रान्झिएंट ग्लोबल अम्नेशिया, थोडक्यात टीजीए, म्हणतात. मेंदूतला नवी आठवण साठवणारा भाग काही तासांपुरता काम थांबवतो. माणसाला स्वतःचं नाव, नवरा, मुलं ठाऊक असतात. समोर घडतं ते मात्र टिकत नाही आणि मागचाही थोडा काळ पुसला जातो. कधी खूप श्रम झाले किंवा अंगावर एकदम गार पाणी पडलं की होतं, कधी काहीच कारण सापडत नाही.

"परत येईल सगळं?"

"बहुतेक आजच. हे तास मात्र तिला कधीच आठवणार नाहीत."

मी त्यांचे आभार मानले की नाही, आठवत नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकलो.

उन्हं कलली तेव्हा मी पलंगाशी बसलो होतो. वसुधाने हाताकडे पाहिलं. "ही सुई कुणी लावली?"

मी सांगितलं. ग्वायाकिल, दवाखाना, विसरलीस, बरं होणार. सासूबाईंचं उत्तरही तयार ठेवलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. तो आला नाही. बराच वेळ गेला. ती छताकडे पाहत होती.

"म्हणजे टीजीए झाला मला," ती सावकाश म्हणाली. "स्कॅन नॉर्मल आला का?"

मी तिचा हात धरला आणि मला हुंदका आवरेना. ग्लाडिसने उठून पडदा ओढला आणि ती बाहेर गेली.

पुन्हा शहर

ईराने तोवर परतीची तिकिटं शोधून ठेवली होती. "मॉम, यू आर कमिंग होम," ती फोनवर म्हणाली. मी मनातून तिच्याच बाजूचा होतो. वसुधाने सगळे रिपोर्ट वाचले, डॉक्टरीणबाईंना दहा प्रश्न विचारले. हा आजार सहसा परत होत नाही, विमानाला हरकत नाही, गार पाण्यात मात्र आत्ता उतरू नका, एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं. मग तिने बोटीच्या कंपनीला फोन केला. बोट उद्या तुमच्याशिवाय निघेल, पण परवाच्या विमानाने आलात तर दुसऱ्या बेटावर बोटीत चढता येईल, असं त्यांनी सांगितलं.

"ईरा, मी जातेय," ती म्हणाली. मग ईरा मला म्हणाली, "बाबा, डोन्ट लीव्ह हर अलोन. प्रॉमिस."

मधला दिवस मोकळा मिळाला. वसुधा म्हणाली, "काल मी काय काय पाहिलं ते मला दाखव." टेकडी तिला पायऱ्या चढण्यापर्यंत आठवत होती, वरचं दीपगृह नाही. कॅमेऱ्यात तिनेच काढलेले फोटो ती परक्याचे असावेत तसे पाहत होती. आम्ही टेकडीवर परत गेलो नाही, बागेत गेलो. वाटेवर एक इग्वाना तिच्यासमोर येऊन थांबला. ती थबकली, मग म्हणाली, "अरे, हे तर आपल्या कुलकर्णी सरांसारखे दिसतात."

ती हसत माझ्याकडे वळली, माझा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "कालही हेच म्हणाले होते का मी?"

"हेच."

"मग निदान मी तीच आहे," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. मला ते इतक्या सहज घेता आलं नाही. आजही येत नाही.

ग्लाडिसने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. दोन खोल्यांचं घर, दारात लोखंडी गज, आत मुलांचे आणि नातवंडांचे क्वीन्समधले बर्फातले फोटो. तिने भात, मसुरीची घट्ट उसळ आणि तळलेल्या केळ्याच्या चकत्या केल्या होत्या. मसुरीची उसळ आणि भात! वसुधा पहिल्या घासालाच थांबली. "हे तर आपलंच जेवण आहे," ती म्हणाली. ग्लाडिस मुलांबद्दल बोलली. ते वर्षातून एकदा येतात. बातम्या पाहून सूनबाई नातवंडांना पाठवायला घाबरते. "तुमच्या घरचेही घाबरले असतील," ती मला म्हणाली. मी गाडीच्या हँडलला धरून बसलो होतो ते तिने पाहिलं असावं. मला मान वर करून तिच्याकडे बघता येईना.

निघताना वसुधाने वाकून तिला नमस्कार केला. ग्लाडिस गोंधळली, मग तिने वसुधाचे दोन्ही गाल हातात धरले.

संध्याकाळी नदीकाठी बसलो. भरती लागली होती. वसुधा म्हणाली, "आता सगळं सांग. मी काय काय विचारलं?"

मी बाकीचं सांगितलं. सासूबाईंचं टाळणार होतो, पण ती माझ्याकडे रोखून बघत होती. तेही सांगितलं. दोनदा खरं बोललो, मग खोटं बोललो. तिने माझ्या हातातला हात काढून घेतला. मला वाटलं, रागावली.

"दोनदा सांगितलंस तू मला," ती म्हणाली.

"हो."

"आणि मग ती जेवली म्हणालास."

"हो. भरीत-भाकरी."

ती पाण्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. देऊळ, गुडघा, शेजारच्या मुलीचं लग्न. ती ऐकत होती, रडत होती, आणि मध्येच एकदा हसलीही. "माझी आई असं कधी म्हणणार नाही," म्हणाली. "ती म्हणाली असती, मुलगा काय करतो ते आधी सांगा."

बेट

आम्ही गालापागोसमधल्या सान क्रिस्तोबाल बेटावर बोटीत चढलो. धक्क्यावरच्या बाकांवर सीलसारखे दिसणारे समुद्रसिंह आडवे झोपले होते, माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी पहिले दोन दिवस ते सगळं अर्धंच पाहिलं. माझं अर्धं लक्ष वसुधाच्या चेहऱ्यावर. सकाळी उठल्या उठल्या काहीतरी विचारायचो. काल जेवायला काय होतं, आपल्या गाइडचं नाव काय. दुसऱ्या दिवशी तिने चहाचा कप खाली ठेवला.

"परीक्षा घेणं बंद कर. मला कळतंय."

मग सगळ्यांनी पाण्याखालचं बघायला उतरायचं होतं. पोहणारी आमच्यात ती. मी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसणारा. पण तिला गार पाणी वर्ज्य होतं. तिने काचेचा मुखवटा माझ्या हातात दिला.

"तू जा."

"मी? आणि तू एकटी?"

"मी या लहान बोटीतच आहे, नावाड्याबरोबर. जा. नीट बघून ये."

ते पाणी भयंकर गार होतं. रबरी सूट घालूनही छातीत कळ आली. मी गाइडचा तरंगता टायर धरून तोंड पाण्याखाली घातलं आणि आधी फक्त स्वतःचा श्वास ऐकला. मग खालून एक कासव आलं, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढं, पंख हलवल्यासारखे हातपाय हलवत. त्याच्या पाठीवर शेवाळ होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ते घाई न करता निघून गेलं. मी टायर सोडला होता, हे मला नंतर कळलं.

मला वर ओढून घेतलं तेव्हा दातावर दात वाजत होते. वसुधाने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"कासव होतं," मी म्हणालो, "एवढं मोठं, आणि मग..."

"थांब," ती म्हणाली. तिने माझ्या डोक्यावरचं पाणी पुसलं, माझ्याकडे तोंड करून नीट बसली. "घाई करू नको. पहिल्यापासून सांग."